वारुळाची पत्ती

आमच्या कोशाच्या कचेरीत वाद्यांच्या नोंदी चालू होत्या, तेव्हा 'नागस्वरम्'चं कार्ड माझ्या टेबलावर आलं. दक्षिणेतल्या देवळांत आणि लग्नांत वाजणारं, सनईच्या कुळातलं पण तिच्याहून पुष्कळ लांब असं हे वाद्य. वर्णन आधीच कुणी लिहून ठेवलं होतं. मला फक्त नाव कशावरून पडलं ते लिहायचं होतं, दोन ओळींत. पुस्तकं काढली. कुणी म्हणत होतं, नागाशी संबंध म्हणून नागस्वर. कुणी ते नाग नावाच्या लोकांचं वाद्य ठरवलं होतं. कुणाच्या मते मूळ शब्द नादस्वर, आणि नाग मागाहून आला. दोन्ही बाजूंना विद्वान होते.

दोन ओळी लिहायला तासभर पुरला असता. मी ते कार्ड आठ दिवस खणात ठेवलं. मग रजा टाकून बीड जिल्ह्यात निघालो. कारण ते वाद्य वाजवणारा एकच माणूस मी आयुष्यात जवळून पाहिला होता, आणि त्याच्या घराचं मी एक वाईट केलं होतं. नोंदीत जे मावलं नाही ते इथे लिहितो आहे.

केज

एसटीतून उतरलो तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. श्रावण असूनही धूळ होती. स्टँडसमोरच्या पानवाल्याला विचारलं, "पांगरवाडीच्या मन्मथप्पांचे चिरंजीव शिवलिंगप्पा, त्यांचं दुकान कुठे?"

"ते काय, काचंचं खोकं दिसतंय बगा फोनचं, तेच."

किराणा दुकानाच्या एका कोपऱ्यात एसटीडीची काचेची खोली उभी होती. वरून शांपूच्या पुड्यांच्या माळा लोंबत होत्या, पायरीशी थंड बाटल्यांचे क्रेट, आणि छपरावर परातीएवढी अँटेना. गल्ल्यावर एक टक्कल पडलेला गृहस्थ. कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. त्याने माझ्याकडे दोनदा पाहिलं.

"गुरुजी? आवो तुमी तर पार पिकलात की!"

"तुम्ही कुठे काळे राहिलात?"

"माझ्या डोस्क्यावर पिकायला हाय काय?" तो म्हणाला आणि मोठ्याने हसत गल्ला सोडून उठला.

पांगरवाडीच्या एकशिक्षकी शाळेत मी पहिल्या नेमणुकीवर होतो तेव्हा मी बावीसचा आणि शिवलिंगप्पा एकोणीसचा. अठ्ठावीस वर्षं मी पत्र टाकलं नव्हतं. त्याने मला काही न विचारता माझी पिशवी आत नेली.

जेवायला ज्वारीची भाकरी, येसराची झणझणीत आमटी आणि कारळाची चटणी होती. आमच्या पुण्याच्या घरी आमटीत गूळ लागतो. येसराच्या पहिल्या घोटालाच डोळ्यांत पाणी आलं, आणि वहिनी पदर तोंडाला लावून हसल्या. मी ते पाणी पुसलं नाही. सोयीचंच होतं.

"तुमचे अप्पा वाजवतात अजून?" मी विचारलं.

"कुठलं? दात गेले, वाजवणं गेलं. आता तर ऐकूबी येत न्हाई. कानापाशी फटाका लावला तरी 'कोन हाय?' म्हणतात."

"तुम्ही नाही शिकलात?"

त्याने भाकरीचा तुकडा आमटीत बराच वेळ बुडवून धरला. "शिकवलं न्हाई त्यांनी," म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच मला सोसेना.

हात धुवायला मागे गेलो तर तेलाच्या डब्यांआड गोणपाटात गुंडाळलेली देवनळाची मोळी दिसली. नदीकाठी उगवणारा पोकळ वेळूसारखा तो बोरू. मी विचारलं तेव्हा शिवलिंगप्पा थोडा अवघडला.

"माजलगावला मोंढ्यात जातो ना मालाला, तवा कालव्याच्या काठाहून कापून आणतो. पयले अप्पा सोता सिंदफणेला जायचे. ती जागा आता धरणाच्या पोटात गेली. मी धारूरच्या एसटीत ठिवून देतो, त्ये तिथून नेतात."

"कशासाठी?"

"म्या इचारलं न्हाई. त्यांनी सांगितलं न्हाई."

मी त्या रात्री त्याला सगळं सांगायचं ठरवूनच आलो होतो. अंथरुणावर पडल्यावरही तो माझ्या बायकोची, मुलांची चौकशी करत होता. मी उत्तरं देत राहिलो. मग त्याचा डोळा लागला.

पांगरवाडी

सकाळी धारूरच्या जीपमध्ये ड्रायव्हरने मला मान देऊन पुढे बसवलं. तिथे आधीच चौघे होते. "बसा गुरुजी निवांत. फकस्त गेर टाकताना पाय उचला," तो म्हणाला. घाट लागल्यावर मी इतक्यांदा पाय उचलला की मागची एक म्हातारी म्हणाली, "आरं, त्या मास्तरला सायकल तरी घेऊन दे!"

धारूरच्या किल्ल्याचे बुरूज डाव्या हाताला टाकून पुढची वाट पायी धरली. बालाघाटाची ही कड श्रावणात फार कोवळी दिसते. काळ्या खडकांच्या मधून गवत वर आलेलं, सीताफळांना बोराएवढी फळं, आणि उतारावर बाजरी. पाऊल जितकं पुढे पडत होतं तितकं मन मागे ओढत होतं. ते का, हे इथे सांगायला हवं.

मन्मथप्पांचे पूर्वज कधी काळी कर्नाटकातून आले आणि पांगरवाडीच्या महादेवापाशी राहिले. येताना त्यांनी ते काळं, लांब वाद्य आणलं. रोज देवळात आणि लग्नसराईत ते वाजायचं, पण त्याचा खरा दिवस नागपंचमीचा. गावाबाहेरच्या वारुळापाशी बाया जमायच्या, आणि अप्पा वाद्याचं रुंद तोंड जमिनीला टेकवून एकच सूर लांबवर धरायचे. त्या एका सुरासाठी पत्ती वेगळी. पत्ती म्हणजे वाद्याच्या टोकाला बसवायची, ओठांत धरून फुंकायची देवनळाची चपटी नळी. एरवीच्या पत्त्या कशाही वापरत, पण वारुळाची पत्ती पंचमीनंतर कापायची, तांदळाच्या पाण्यात उकळायची आणि चुलीवरच्या धुरात वर्षभर टांगायची. तिला कुणाचं तोंड लागता कामा नये. दुसरी ऐनवेळी करता येत नाही, कारण पंचमीला काही कापायचं नसतं. त्या दिवशी भाजीलासुद्धा विळी लागत नाही, तवा चढत नाही, नांगर चालत नाही.

आणि खंड पडू द्यायचा नाही. ज्याच्या हातून एक पंचमी मुकी गेली, त्याने वारुळापाशी पुन्हा वाजवायचं नाही. पुढच्या पिढीने नव्याने सुरू करायचं.

हे सगळं मला ठाऊक होतं. अप्पांनीच सांगितलं होतं. मी तेव्हा त्यांना पाठ्यपुस्तक उघडून दाखवलं होतं: सापाला कान नसतात. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं होतं. पंचमीच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीच्या आधी, देवळाच्या ओवरीत त्यांची पेटी उघडी दिसली. पांढऱ्या फडक्यात ती पत्ती होती. मी इकडेतिकडे पाहिलं, ती दातांत धरली आणि फुंकली. आवाज आला नाही. नुसतं बारीकसं 'चट्' झालं. पत्ती मधोमध उकलली होती. मी ती फडक्यात गुंडाळून जशीच्या तशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी वारुळापाशी चाळीस-पन्नास बायांसमोर अप्पांच्या वाद्यातून नुसता वारा आला. त्यांनी पत्ती काढून पाहिली. मग मुलाकडे पाहिलं.

"शिवल्या, तोंड लावलंस?"

शिवलिंग खाली मान घालून उभा राहिला. तो नाही म्हणाला नाही. का म्हणाला नाही, हे मला कळलं नव्हतं. मी चार हातांवर, धुतलेला सदरा घालून उभा होतो. मला फक्त तोंड उघडायचं होतं.

"चोरून तोंड लावणाऱ्याला मी विद्या देत नसतो," अप्पा म्हणाले. चार महिन्यांनी माझी बदली झाली.

आता देवळाशेजारच्या ओट्यावर अप्पा बसले होते. वाळून अर्धे झालेले, पाठ ताठ. शेजारच्या सोजरबाई ज्वारीच्या लाह्या फोडत होत्या, उद्याच्या पंचमीच्या. मी पाया पडलो. नाव सांगितलं. मोठ्याने सांगितलं. आणखी मोठ्याने सांगितलं.

"वरडा अजून," सोजरबाई म्हणाल्या. "नागोबा झालाय त्याचा. कुनाचं ऐकत न्हाई."

शेवटी अप्पांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवला. "कान न्हाईत सापाला, ते मास्तर?"

मला हसू आलं आणि धीरही आला. मी कार्डाबद्दल सांगितलं, ओरडून. "अप्पा, याला नागस्वर का म्हणतात? पुस्तकवाल्यांत भांडण आहे!"

"भांडू द्या. तुमी त्या वक्ताला म्हणलात, नागाला कान न्हाईत. खरंच म्हणलात. माझ्या आज्यालाबी ठावं होतं ते."

"मग त्याच्यापुढे वाजवायचं कशाला?"

"कान असनाऱ्यापुढं कुनीबी वाजवंल, मास्तर. ते शाबास म्हनतं, नारळ देतं. ज्याला कान न्हाईत त्याच्यापत सूर न्यायचा तर भुईतून न्यावा लागतो. म्हनून तोंड भुईला टेकवायचं. आज्या म्हनायचा, ज्याच्यापत पोचवायला सगळ्यांत अवघड, त्याचं नाव वाद्याला दिलं. म्हंजी वाजवनाऱ्याला इसर पडू न्हाई."

हे खरं की पुस्तकांतलं खरं, ते ठरवायला मी पात्र नाही. पण ते ऐकल्यावर मला पुढे गप्प बसणं जमेना. मी म्हणालो, "अप्पा, ती पत्ती मी फोडली."

"आँ?"

"पत्ती! वारुळाची! मी फोडली!"

"मोठ्यानं!"

अठ्ठावीस वर्षं मी हे वाक्य मनात पुटपुटलो होतो. ते आता सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडावं लागलं. "शिवलिंगनं नाही, अप्पा! मी तोंड लावलं! मी चोर!"

लाह्या फुटायच्या थांबल्या. सोजरबाईंचा हात कढईवर तसाच राहिला. "आगं माय," त्या म्हणाल्या. "आन् आमी त्या लेकराला काय काय बोललो."

अप्पा उठले. आत जाऊन पत्र्याचा एक डबा घेऊन आले आणि माझ्या मांडीवर ठेवला. आत फडक्याच्या बारक्या पुरचुंड्या होत्या. प्रत्येकीत एक पत्ती, धुराने तांबूस झालेली, कोरी. सगळ्यांत वरची ताजी दिसत होती.

"दर साली करतो," ते म्हणाले. "वाजवायचा हक्क गेला. करायचं कावून सोडू?"

मग त्यांनी विचारलं, "शिवल्याला सांगितलं का हे?"

मी मान हलवली. नाही.

"मग मला कावून सांगाय आला? ज्याचं हाय त्याला आधी सांगा जा." आणि ते भिंतीला टेकून डोळे मिटून बसले. रागावले होते की नाही, मला कळलं नाही. पाणीसुद्धा विचारलं नाही. सोजरबाईंनी गुपचूप ओंजळभर लाह्या माझ्या रुमालात बांधून दिल्या.

पुन्हा केज

दुकानात पंचमीची गर्दी होती. गूळ, डाळं, खोबरं, बांगड्यासुद्धा. मी पोत्यावर बसून राहिलो. गिऱ्हाईक कमी झाल्यावर म्हणालो, "शिवलिंगप्पा, एक सांगायचंय."

"फोन लावायचाय का पुण्याला?"

"नाही. ती पत्ती. त्या पंचमीची. ती माझ्याकडून फुटली."

तो साखर जोखत होता. पारडं तसंच धरून त्याने विचारलं, "तुमी कवा तोंड लावलं?"

"आदल्या दिवशी. दिवेलागणीच्या आधी."

"ओली केलती का?"

"काय?"

"पत्ती. वाळलेली असती ती. घटकाभर तोंडात धरून ओली करावी लागती, मंग फुंकायची."

"मला ठाऊक नव्हतं. कोरडीच दातांत धरली."

त्याने पारडं खाली ठेवलं. साखर सांडली. आधी मला वाटलं तो मारणार. पण तो पोत्यावर माझ्या शेजारी येऊन बसला.

"म्या दुपारीच फुंकलती, गुरुजी."

मला समजलं नाही.

"अप्पा बाजारला गेलते धारूरला. म्या ती काढली, ओली केली, वाद्याला लावली. देवळाच्या मागं, कपारीत बसून. मंग पुसून, चुलीपाशी सुकवून ठिवून दिली. मला वाटलं, सुकवताना माझ्याच हातून तडकली. म्हनून मान खाली घातली. आजवर मला वाटतंय म्याच फोडली."

दुकानासमोरून एक ट्रॅक्टर गाणी लावून गेला.

"वाजली होती?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. सत्तेचाळीस वर्षांच्या त्या दुकानदाराचा चेहरा असा काही उजळला की मी खाली पाहिलं.

"वाजलती, गुरुजी. लई चांगली वाजलती. लांब सूर लागला, पयल्या फुंकीत. पर ते सांगायचं कुनाला? सांगितलं तर चोरी कबूल." तो थांबला. "बायकोलाबी सांगितलं न्हाई."

मी हात जोडले. त्याने ते सोडवले आणि आत ओरडून म्हणाला, "अगं, च्या टाक! आन् उद्या दुकान बंद!" मग माझ्याकडे वळून, हसत नाही आणि रडत नाही अशा आवाजात: "गप बसलात की वो गुरुजी. अठ्ठावीस वर्षं."

"हो," मी म्हणालो.

पंचमी

वहिनींनी तंबिटाचे लाडू बांधून दिले होते, भाजलेल्या पिठाचे आणि गुळाचे. पंचमीचा हा पदार्थ त्यांच्या घराण्याने कर्नाटकातून आणला, असं त्या म्हणाल्या. आमच्याकडे पाटावर मातीचा नाग मांडतात, दूध-लाह्या दाखवतात आणि संपलं. आमच्या पेठेत वारूळ कुठे असणार?

आम्ही पांगरवाडीला पोचलो तेव्हा अप्पा ओट्यावर नव्हते. सोजरबाई वाटेतच भेटल्या. "म्हातारा कवाच वारुळाकडं गेलाय. डबा घेऊन. वाद्य पोटाशी धरून."

वारूळ पुरुषभर उंच झालं होतं. बाया फेर धरून गात होत्या. कडेला दगडावर अप्पा बसले होते. शिवलिंगप्पा त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि कानाशी तोंड नेऊन ओरडला,

"अप्पा! म्याबी फुंकलती!"

बायांचं गाणं थांबलं.

"कवा?"

"त्याच दिशी! दुपारी! मास्तरच्या आधी!"

अप्पांचा चेहरा कठीण झाला. वाटलं, मी पुन्हा एक घर मोडलं. शिवलिंगप्पा मान खाली घालील असं वाटलं, पण त्याने घातली नाही.

अप्पांनी बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं. मग विचारलं, "वाजली?"

"वाजली."

"ओली केलतीस?"

"केलती."

"कुनी शिकवलं ओली करायला?"

"तुमचं बगून."

म्हाताऱ्याने डबा उघडला. सगळ्यांत वरची पुरचुंडी काढली, फडकं सोडलं आणि पत्ती मुलाच्या तळहातावर ठेवली. "धर तोंडात. घाई करू नगंस."

शिवलिंगप्पाने पत्ती ओठांत धरली. बाया, मी, सोजरबाई, सगळे त्याच्या तोंडाकडे पाहत उभे राहिलो. पत्ती ओली व्हायला वेळ लागतो. तेवढ्यात एक भुरभुर सर येऊन गेली, कुणी आडोशाला गेलं नाही. मग त्याने ती वाद्याला बसवली, गुडघ्यावर आला आणि रुंद तोंड वारुळाच्या पायथ्याशी टेकवलं.

पहिल्यांदा वारा आला. दुसऱ्यांदा बदकासारखा आवाज, आणि एक पोरगी फिसकन हसली. तिसऱ्यांदा सूर लागला. तो सुंदर नव्हता. थरथरत होता, मधेच खाली बसत होता, पुन्हा उठत होता. पण लांब होता.

मी अप्पांकडे पाहिलं. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. ते मुलाच्या फुगलेल्या गालांकडे टक लावून पाहत होते. मग हळूहळू दगडावरून खाली उतरले, मुलाच्या शेजारी ओल्या मातीत बसले, आणि त्यांनी आपला उजवा तळवा जमिनीवर पालथा ठेवला.

शिवलिंगप्पाला दम लागला, सूर तुटला. अप्पांनी हात उचलला नाही.

"आजून," ते म्हणाले.